रंजना, तडा वर होता

रंजना, परवा कॉलेजात तुझी शोकसभा झाली. सेमिनार हॉल भरला होता, मागच्या भिंतीला टेकून मुलं उभी होती, आणि सगळे इतक्या हळू आवाजात बोलत होते की मला मधेच हसू फुटलं. तुझ्याबद्दल कुणी कुजबुजत कसं बोलू शकतं? प्राचार्य म्हणाले, "रंजना मॅडम म्हणजे एक शांत, संयमी व्यक्तिमत्त्व." मी मान खाली घालून ओढणी तोंडावर धरली. शेजारच्यांना वाटलं मला रडू आवरत नाहीये. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

मला बोलायला बोलावलं तेव्हा मी उठलेच नाही. तुझा जन्म, तुझं शिक्षण, तुझी नोकरी हे सगळं तोवर कुणीतरी वाचून दाखवलं होतं. मला जे सांगायचं होतं ते ऐकायला तूच हवी होतीस. तर आता ऐक. आणि या वेळेपुरतं तरी मधे बोलू नकोस.

आपली ओळख झाली ती काँक्रीटच्या एका ढेकळावरून. मी नुकती कॉलेजात लागले होते. चंदनसारच्या घरून यायचं, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसायचं, संगणकावर तुळया वाकवायच्या आणि घरी जायचं, असा माझा दिवस. हजारो तुळया मी पडद्यावर मोडल्या होत्या. प्रत्यक्ष मोडताना एकही डोळ्यांनी पाहिली नव्हती. एका दुपारी तू दार न वाजवता आत आलीस आणि सोललेल्या नारळाएवढा काँक्रीटचा तुकडा माझ्या कीबोर्डवर ठेवलास. त्याला शेवाळ होतं, एका अंगाने गंजलेली सळी डोकावत होती.

"तुझ्या त्या सॉफ्टवेअरला विचार, हे कशाने मोडलं."

"कुठून आणलंत मॅडम?"

"मॅडम खाली लॅबमधल्या मुलांसाठी. तू रंजना म्हण. खाडीवरच्या जुन्या धक्क्यावरून आणलंय. बघायचाय? चल."

मी लेक्चर आहे म्हणाले. तू म्हणालीस, माझंही आहे. आणि दहा मिनिटांत मी तुझ्या स्कूटरच्या मागे बसले होते. मिठागरांच्या कडेने जाताना तू सगळा वेळ मान मागे वळवून बोलत होतीस, आणि मी तुझ्या खांद्याला घट्ट धरून "पुढे बघ, पुढे बघ" म्हणत होते. तुझ्या घरचे पूर्वी मिठागरावर कामाला होते, जूचंद्रला तुझं माहेर, सासरही तिथून हाकेच्या अंतरावर, हे सगळं मला त्या एका फेरीत कळलं.

धक्क्यावर पोचलो तेव्हा भरती होती. तुळयांच्या कडा फुटलेल्या, सळ्या उघड्या पडलेल्या. होड्यांचा मार बसू नये म्हणून बांधलेले जुने टायरही फाटून लोंबत होते. तू मला काठावर उभं केलंस. "आपण मुलांना काय शिकवतो? तुळई मशीनमध्ये ठेवायची आणि वजन हळूहळू वाढवत न्यायचं. इथे काय हळू येतंय ते सांग मला." तेवढ्यात एक होडी लाटेबरोबर आली आणि धाडकन खालच्या तुळईवर आदळली. माझ्या तळपायापासून गुडघ्यापर्यंत एक हादरा गेला.

"कळलं?" तू विचारलंस.

"पायात कळलं."

"मराठीत या जागेला धक्का म्हणतात ते उगीच नाही," असं म्हणून तू इतकी मोठ्याने हसलीस की होडीवरचा माणूस वर बघायला लागला.

मी घाटावरची, साताऱ्याकडची. समुद्राशी माझा संबंध नव्हता, आणि खरं सांगायचं तर तुझ्याशीही फार संबंध येईल असं वाटलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी घरी गेल्यावर जेवताना मी नवऱ्याला तीच गोष्ट तीनदा सांगितली.

मग तुळयांवर असेच अचानक घाव घालून बघायला तू वर्कशॉपमागच्या शेडसाठी प्राचार्यांच्या पाठीस लागलीस. ते कुठेही दिसले की तू दिसायचीस. शेवटी त्यांनी सही केली ती तुझ्यापासून सुटका व्हावी म्हणून, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. शेडमध्ये लोखंडी मनोरा उभा राहिला. दोन उभे रूळ, त्यांच्यामधून खाली येणारा जाडजूड लोखंडी हातोडा, वर त्याला धरून ठेवणारा आकडा, आणि तो आकडा सोडणारी दोरी. भोवती जाळीचा पिंजरा, खाली वाळू. हातोड्याच्या तोंडाशी एक संवेदक, घाव किती जोराचा बसला ते टिपायला. तुळईवर आणखी काही. पापणी लवायच्या आत सगळं उरकतं, म्हणून हे सगळं हवं.

आपलं पहिलं मोठं भांडण आठवतं? मला तर शब्द न् शब्द आठवतो. हातोडा पाडायच्या आदल्या दिवशी मी संगणकावर गणित करून बघितलं आणि पळत खाली आले. म्हटलं, "रंजना, घाव बसल्या बसल्या टोकं वर उचलली जातायत."

"कुठली टोकं?"

"तुळईची. आधारावरून. क्षणभरच, पण उचलली जातायत. टोकांना वरून धरून ठेवायला पट्ट्या लावायला हव्यात."

"अगं, मधोमध वरून हाणलं तर टोकं आधारावर दाबली जातील. वर कशाला येतील?"

"संगणक म्हणतोय."

"मग संगणकाला ताप आलाय. त्याला झोपव."

मी समजावून सांगितलं. वजन हळू ठेवलं तर सगळी तुळई मिळून ते उचलते. अचानक घाव बसला की मधला भाग एकदम खाली निघतो, टोकांपर्यंत खबर पोचायची असते, आणि त्या झटक्यात ती उलटी वर उसळतात. तू हात कमरेवर ठेवून ऐकलंस आणि म्हणालीस, "छान गोष्ट आहे. पट्ट्या लागणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी हातोडा पडला. तुळईने जागेवरून उडी मारली, टोकाखालचा आधाराचा गोल रूळ सुटून घरंगळत कपाटाखाली गेला, आणि धूळ खाली बसल्यावर तू म्हणालीस, "नीट ठेवली नव्हती."

मग मुंबईतल्या एका संस्थेतून तो वेगवान कॅमेरा एका दिवसासाठी उसना मिळाला. पुन्हा हातोडा, पुन्हा धाड. आपण सगळे छोट्या पडद्यावर वाकलो. चित्र मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होतं. हातोडा टेकला. तुळईचं पोट खाली गेलं. आणि डाव्या टोकाशी, रुळाच्या आणि तुळईच्या मधे, उजेडाची एक बारीक फट दिसली.

मला वाटलं आता तू गप्प होशील. तू ओरडलीस, "परत लाव! परत लाव!" परत लावलं. "अगं बाई, उचलली गं, खरंच उचलली!" आणि तू शेडमधून धावत सुटलीस. स्टाफरूममध्ये डबे उघडून बसलेल्या सगळ्यांना तू हाताला धरून खाली आणलंस. "या, या, मी किती चुकले ते बघा! माधवी बरोबर होती, या बघा!" गणिताचे सर हातात पोळीचा घास घेऊन उभे होते. चुकल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. आमच्या घरात, शाळेत, कॉलेजात चूक म्हणजे लपवायची गोष्ट होती. तू तिची वरात काढलीस.

त्या दिवसानंतर मी तिसऱ्या मजल्यावर फार बसले नाही.

जाळ्यांची कल्पना मात्र मला पटली नव्हती, हे तुलाही माहीत आहे. किनाऱ्यावर फाटून पडलेली नायलॉनची जाळी उचलून आणायची, धागे कापून काँक्रीटमध्ये मिसळायचे, म्हणजे तुळई मार सोसेल, असं तुझं म्हणणं. मी म्हटलं, नायलॉन लवचिक, काँक्रीट कडक, दोघांचं जमणार नाही. तू म्हणालीस, लग्नं अशीच टिकतात. आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोभर जाळी शेडमागे येऊन पडली.

तो वास! धुतली, उकळली, साबणात भिजवली, तरी जाळ्यांतून मासळी जाईना. तू ती पार्किंगच्या कठड्यावर वाळत घातलीस. वसईभरच्या मांजरी सिव्हिल विभागात ॲडमिशन घ्यायला आल्यासारख्या जमल्या. प्राचार्य नाकाला रुमाल लावून आले.

"मॅडम, हा विभाग आहे की सुकटबाजार?"

"सर, हे फायबर आहे. सुकट हवं असेल तर उद्या आणते."

आणि खरंच आणलंस. कागदात बांधून त्यांच्या टेबलावर ठेवलंस. त्यांनी ते घरी नेलं आणि पुढच्या आठवड्यात आणखी आहे का म्हणून विचारलं.

कापायचं काम तुझ्या आईंनी केलं. जूचंद्रच्या घराच्या ओटीवर जाळ्याचा ढीग घेऊन त्या बसायच्या, समोर धाग्याच्या मापासाठी एक काडी, कात्री चालूच. मी गेले की मला हाक मारायच्या, "ये बाय, बस. पानी पी आधी." आणि मग तुझी तक्रार करायच्या, की लग्न करून दिली तरी ही पोर कामं माझ्याकडूनच करून घेते.

सगळं मेहनतीने केलं, तुळया ओतल्या, पाण्यात ठेवल्या, आणि आधी रीतसर मशीनमध्ये ठेवून हळूहळू वजन वाढवलं. जाळीवाली आणि बिनजाळीची, दोन्ही जवळपास एकाच वजनाला मोडल्या. जाळीवाली किंचित आधीच. मी म्हटलं, "बघ, मी सांगत होते. आता थांबूया." तू काही बोलली नाहीस. तुझं न बोलणं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. कॉरिडॉरमध्ये समोरून यायचीस आणि भिंतीवरच्या नोटिसा वाचत निघून जायचीस. मीही कमी नव्हते. मीही नोटिसा वाचल्या.

मग एका सकाळी तू माझ्या दारात उभी राहिलीस. "आई येतेय. म्हणते, मी कापलंय तर मना दाखव काय होतं ते. तू येणार आहेस की नाही?"

आईंना पिंजऱ्यापासून लांब खुर्ची दिली होती. त्यांनी मनोऱ्याकडे पाहिलं, हातोड्याकडे पाहिलं, आणि तुला म्हणाल्या, "एवरा मोठा लोखंड वरशी पारायचा, आनि तुटला कं खूश व्हायचा? हा काय धंदा गं?" मुलं हसली. तू म्हणालीस, "आई, कान झाक."

आधी बिनजाळीची साधी तुळई. हातोडा पडला आणि तिचे सरळ दोन तुकडे झाले. एक तुकडा पिंजऱ्याच्या जाळीवर असा आपटला की पुढची मुलं मागच्यांच्या अंगावर पडली. आई "बाय गं!" म्हणून उठून उभ्या राहिल्या.

मग जाळीवाली. दोरी तू ओढलीस. धाड! धूळ. धूळ खाली बसली. तुळईला मधोमध तडा गेला होता, पोटापासून वरपर्यंत. आणि ती तिथेच होती. दोन्ही बाजूंना धरून. तड्यात बारीक बारीक हिरवे, निळे धागे ताणलेले दिसत होते.

मग तू हळूच म्हणालीस, "परत पाडू?"

परत पाडला. तडा रुंदावला, तुळई वाकली, पण सुटली नाही. परत. परत. प्रत्येक घावाला मुलं ओरडायला लागली. शेजारच्या मेकॅनिकलच्या वर्गातली पोरं खिडकीत चढली. प्राचार्य चहाचा कप हातात घेऊन धावत आले आणि त्यांनी तो कप कुठे ठेवला ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी ओरडत होते, रंजना! मी, जिने हे बंद करूया म्हटलं होतं, ती पिंजऱ्याला दोन्ही हातांनी धरून ओरडत होते. शेवटी तुळई अर्धी झुकून वाळूत टेकली, तरी तिचे दोन भाग एकमेकांना सोडायला तयार नव्हते. तू आईंच्या गळ्यात पडलीस. त्या तुझ्या केसांतली धूळ झटकत म्हणाल्या, "नीट कापलं होतं मी. उगाच नाय."

हळू ढकललं तेव्हा जाळ्याला काही करायलाच नव्हतं. घाव बसला तेव्हा त्याला काम मिळालं. हे वाक्य तू नंतर शंभर वेळा वर्गात म्हणालीस. आता माझ्या तोंडूनही तेच निघतं, आणि मुलं माना डोलावतात, कारण त्यांना ते कुणाचं आहे ते माहीत आहे.

त्यानंतर आपण मोठ्या तुळयांकडे वळलो, आत सळ्या घातलेल्या, खऱ्याखुऱ्या. त्यांच्यासाठीही कॅमेरा उसना आणला. त्यांचं वागणं आणखी विचित्र. हळू वजन ठेवलं तर पोटाला मधोमध सरळ तडे जायचे. हातोडा पाडला तर तिरके जायचे, हातोड्याच्या दोन्ही कडांपासून खाली पसरत, आणि मधला पाचरीसारखा भाग सुटून खाली यायला बघायचा. तीच तुळई, तेच सामान, फक्त घाव अचानक. तू जाळी घालून तशाच तीन तुळया ओतल्यास. त्या पाण्यात होत्या आणि तू पोट दुखतं म्हणायला लागलीस.

आम्ही सगळे म्हणालो, बाहेरचं खातेस. तू म्हणालीस, तुमच्या घाटावरच्या शेंगदाण्याच्या चटणीने दुखतंय. तपासण्या झाल्या, आणि मग एक दिवस तुझे यजमान लॅबमध्ये आले आणि मनोऱ्याखाली उभे राहून, वर बघत, मला सगळं सांगितलं. आजार खूप पुढे गेला होता. त्यांनाही कुणाच्या डोळ्यांत बघून सांगणं जमत नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये मी यायचे तेव्हा तू आजाराबद्दल बोलू द्यायची नाहीस. तुला भांडायचं असायचं.

"जाळं तिरका तडा येऊच देणार नाही," तू म्हणायचीस. "लिहून ठेव."

"येणार. नायलॉन ताणलं जाईपर्यंत तडा मोकळा झालेला असेल."

"छोट्या तुळयांच्या वेळी पण हेच म्हणाली होतीस."

"तो तडा सरळ होता. हा वेगळा आहे."

मग तू ताटलीतली खारी उचलून दोन वाट्यांवर आडवी ठेवायचीस आणि चमच्याने हाणायचीस. चादरभर चुरा. सिस्टर रागावल्या की निरागस चेहरा करून माझ्याकडे बोट दाखवायचीस. मीही खरंच रागाने भांडायचे. आजारी माणसाचं ऐकून घ्यावं, हो म्हणावं, असं सगळे मला सांगत होते. मी एकदा तसं केलं, आठवतं? म्हटलं, "असेलही तुझं बरोबर." तू उशीवरून मान उचललीस. "माधवी, माझी कीव करायची नाही. नीट भांड."

नीट भांडले. तेवढं मी तुझ्यासाठी केलं याचं मला आज समाधान आहे.

शेवटच्या वेळी तुझा आवाज अगदी बारीक झाला होता. तू म्हणालीस, "थांबू नका. तुळया माझ्यासाठी ताटकळत ठेवू नका." मी हो म्हटलं. त्यापुढे मला म्हणायचं होतं की तू ते ढेकूळ माझ्या कीबोर्डवर ठेवलं नसतंस तर मी आजही वर बसून पडद्यावरच्या तुळया मोडत असते आणि मला वाटत असतं की हेच काम आहे. तेवढ्यात तुला ग्लानी आली, आणि मी तुझा हात धरून बसले. हातावर अजून सिमेंटने फुटलेल्या त्वचेच्या रेघा होत्या.

तुझं कार्य झालं आणि आम्ही कामाला लागलो. कॅमेरा पुन्हा मागून आणला. तुळयांना चुना लावला, तडे उठून दिसावेत म्हणून. टोकांच्या पट्ट्या आवळल्या. दोरी कुणी ओढायची यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तेव्हा मीच ओढली.

काल दुपारची गोष्ट आहे ही.

हातोडा पडला. धूळ बसली. आणि चुन्याच्या पांढऱ्यावर, हातोड्याच्या दोन्ही कडांपासून खाली, दोन तिरके तडे. मी म्हटलं होतं अगदी तसे.

मी वाळूच्या गोणीवर बसले. रंजना, मी जिंकले होते आणि मला ते नको होतं. शपथ सांगते, मला आयुष्यात पहिल्यांदा माझं गणित चुकायला हवं होतं. मुलांपैकी एकीने डोळे पुसले. मी त्यांना जेवायला पाठवलं आणि एकटीच चित्रफीत बघत बसले, उगीच, काहीतरी करायचं म्हणून. शेजारच्या पडद्यावर बिनजाळीच्या जुन्या मोठ्या तुळईची फीत लावली. दोन्ही बरोबर चालवल्या. हातोडा टेकतोय, पोट खाली जातंय, तिरके तडे इथेही, तिथेही.

आणि मग जुन्या फितीत मला वरच्या बाजूला काहीतरी दिसलं.

हातोडा आणि आधार यांच्या साधारण मधे, तुळईच्या पाठीवर, वरून खाली उतरणारा एक बारीक उभा तडा. दुसऱ्या बाजूलाही तसाच. आपण ते तडे तेव्हाही पाहिले होते! आठव. आपण म्हटलं होतं, साखळीने उचलताना गेले असतील. साखळीला दोष दिला आणि पुढे गेलो. फितीत ते घावाच्या आधी नाहीत. घाव बसतो, तिरके तडे पूर्ण व्हायच्या आधीच हे वरचे उघडतात. टोकांना अजून खबर नसते, ती जिथल्या तिथे अडून बसतात, मधला भाग खाली ओढला जातो, आणि तुळईची पाठ दोन्हीकडे ताणली जाते. जिथे कुणी ताण मोजतच नाही तिथे.

मी नवीन फीत मागे नेली. तुझ्या जाळीवाल्या तुळईची. पाठ कोरी होती. चुना अखंड. उठून पिंजऱ्यात गेले, बॅटरी धरून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. एक ओरखडासुद्धा नाही.

मी किंचाळले. मुलं डबे टाकून धावत आली, त्यांना वाटलं हातोडा माझ्यावर पडला. उरलेल्या दोन तुळया आम्ही त्याच दुपारी पाडल्या, कुणाला भूक नव्हती. तिरके तडे दोन्हींना. वरचे तडे एकीलाही नाहीत! आपण दोघी इतके दिवस पोटाकडे बघून भांडत होतो आणि बातमी पाठीवर होती. वरचा तडा म्हणजे काय ते तुला सांगायला नको. होडी आदळून निघून जाते, पण खारं पाणी वरून आत शिरतं आणि वर्षानुवर्षं सळी खात राहतं. मुलं माझ्याभोवती नाचत होती आणि मी त्यांना बजावत होते, तीन तुळयांवरून काही सिद्ध होत नाही, अजून ओतायला हव्यात, वेगळ्या उंचीवरून पाडायला हव्यात. बजावता बजावता मीही नाचत होते.

संध्याकाळी मी जूचंद्रला गेले. आई ओटीवर बसल्या होत्या, हात रिकामे. मी चपला काढता काढताच सांगायला लागले. वरचा तडा, खालचा तडा, साखळी, चुना. किती कळलं त्यांना, मला माहीत नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी दमून थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हंजे ती जिंकली कं हरली?"

"तिरक्या तड्यात हरली, आई. पण मीही हरले. खरी गोष्ट भलतीकडेच होती. दोघींनाही दिसली नाही."

त्या हसल्या. तू गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"मंग बरा झाला," त्या म्हणाल्या. "एकटी हरली असती तं तिला झोप नसती आली. आता निजल ती."

मी मान हलवली. त्यांच्यासमोर आणखी काय बोलणार? पण तुला म्हणून सांगते रंजना, एवढ्यात निजू नकोस. जे नायलॉन तिरक्या तड्याला अडवू शकलं नाही, त्याने वरचा तडा कसा अडवला? काल रात्रभर मी विचार करतेय. माझं एक उत्तर आहे. तुला ते अजिबात पटणार नाही.